मधली फळी : फिजिशियन असिस्टंट या व्यवसायाची ओळख

मराठी समाजात वैद्यकीय क्षेत्रातील करिअरचा विचार साधारणपणे दोन टोकांवर होतो. एका टोकाला एमबीबीएस आणि त्यानंतरचे विशेषज्ञत्व असते, दुसऱ्या टोकाला परिचर्या, औषधनिर्माण किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांसारखे अभ्यासक्रम असतात. या दोहोंच्या मध्ये आणखी एक प्रशिक्षित व्यक्ती असू शकते, जी रुग्णाला तपासते, त्याच्या तक्रारींचा माग काढते, निदानाचा अंदाज बांधते आणि ठरवून दिलेल्या मर्यादेत उपचारही सुरू करते, पण स्वतःला डॉक्टर म्हणवत नाही, ही कल्पना बारावीच्या विद्यार्थ्यापर्यंत किंवा त्याच्या पालकांपर्यंत क्वचितच पोहोचते. अशा व्यक्तीला फिजिशियन असिस्टंट म्हणतात; भारताच्या कायद्यात तिची नोंद फिजिशियन असोसिएट या नावाने झालेली आहे. डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करणे हे या व्यवसायाचे व्यवच्छेदक लक्षण आहे, आणि ही देखरेख म्हणजे कमीपणा नसून तीच या व्यवसायाची रचना आहे, हे एकदा नीट समजून घेतले की त्याविषयीचे बरेचसे गैरसमज आपोआप दूर होतात. प्रस्तुत प्रस्तावनेत या व्यवसायाची ओळख करून देताना यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुका डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण अशा मधल्या फळीची गरज महानगरातील अतिदक्षता विभागापेक्षा उमरखेडसारख्या ठिकाणी अधिक तीव्रतेने जाणवते.

उमरखेड हे विदर्भाच्या दक्षिण सीमेवरचे गाव आहे. पैनगंगेच्या पलीकडे मराठवाडा सुरू होतो, नागपूरहून यवतमाळमार्गे नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग गावाजवळून जातो आणि जिल्ह्याचे ठिकाण असलेले यवतमाळ शंभराहून अधिक किलोमीटर अंतरावर असल्याने गंभीर रुग्णाचे नातेवाईक बहुधा तुलनेने जवळ असलेल्या नांदेडचा रस्ता धरतात. तालुक्याचा एक भाग उसाचा, बागायतीचा आणि पोफाळीच्या साखर कारखान्याभोवतीच्या वस्तीचा आहे. दुसरा भाग पैनगंगा अभयारण्याच्या जंगलात आणि त्याच्या कडेने पसरलेला असून त्याला स्थानिक लोक ‘बंदी भाग’ म्हणून ओळखतात. तेथे आंध, गोंड, कोलाम या आदिवासी समाजांची गावे आणि बंजारा समाजाचे तांडे आहेत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की यांपैकी काही वस्त्यांचा संपर्क तुटतो, आणि अशा वेळी आजारी माणसाच्या दृष्टीने ढाणकी किंवा बिटरगावसुद्धा दूरचे गाव ठरते.

सार्वजनिक आरोग्यसेवेची रचना कागदावर सुबक आहे. सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, अनुक्रमे तीस हजार आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि त्यावर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, असा तिचा साचा आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सिस्टर’, आणि आरोग्यसेवक असतात. गावात ‘आशा’ ही स्वयंसेविका असते. एमबीबीएस डॉक्टर मात्र प्राथमिक आरोग्य केंद्रापासून पुढेच भेटतो, आणि तेथेही त्याचे पद भरलेले असेल, तो मुक्कामी राहत असेल आणि त्या दिवशी बैठकीला किंवा शवविच्छेदनाला गेलेला नसेल, एवढ्या अटी पूर्ण झाल्या तरच. म्हणजे ज्या ठिकाणी आजाराची पहिली चाहूल लागते तेथे निदान करू शकणारी व्यक्ती नसते, आणि जेथे ती असते तेथे रुग्ण पोहोचेपर्यंत आजार पुढे सरकलेला असतो. ही पोकळी रिकामी राहत नाही. ती कोणतीही पात्रता नसलेले बोगस डॉक्टर भरतात, जे प्रत्येक तापाला सलाईन आणि प्रत्येक दुखण्याला इंजेक्शन देतात. महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम, १९६१ च्या कलम ३३ नुसार असा व्यवसाय हा गुन्हा असूनही त्यांचे दवाखाने चालतात, कारण ते रात्री उपलब्ध असतात.

या पोकळीची किंमत यवतमाळ जिल्ह्याने २०१७ मध्ये फार मोठ्या प्रमाणात मोजली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले, अनेकांच्या डोळ्यांना इजा झाली आणि शासनाला विशेष तपास पथक नेमावे लागले. त्या प्रसंगाची चर्चा कीटकनाशकांची विक्री, मिश्रणे, वाढलेली कपाशी आणि संरक्षक साधनांचा अभाव या अंगांनी पुष्कळ झाली, आणि ती योग्यच होती. पण विषबाधा झाल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांत रुग्णाला कोण तपासते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. फवारणी करून आलेल्या मजुराला मळमळते, डोके गरगरते, अंगाला घाम सुटतो. घरचे म्हणतात ऊन लागले. ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशकाची बाधा असेल, तर त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झालेल्या असतात, तोंडाला लाळ सुटलेली असते, छातीत घरघर ऐकू येते आणि पापण्यांचे किंवा दंडाचे स्नायू फडफडताना दिसतात. ही चार चिन्हे ओळखायला महागडे यंत्र लागत नाही. टॉर्च, स्टेथोस्कोप आणि शिकवलेली नजर पुरते. ओळखल्यावर भिजलेले कपडे उतरवून अंग साबणाने धुणे, शिरेतून अॅट्रोपिन देणे, काही मिनिटांनी छाती पुन्हा तपासून घरघर कमी होईपर्यंत मात्रा वाढवत नेणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि रुग्णवाहिका बोलावणे हा क्रम ठरलेला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रुग्णाला बरे वाटू लागले तरी एक ते चार दिवसांत त्याच्या मानेचे आणि श्वसनाचे स्नायू पुन्हा दुबळे पडू शकतात, हे माहीत असल्यामुळे त्याला घरी न पाठवण्याचा निर्णय घेणे. याउलट बाधा दुसऱ्या वर्गातील रसायनाची असेल तर अॅट्रोपिनचा उपयोग नसतो आणि ते बेताल दिल्यास अपायच होतो. नुसत्या यादीवरून औषध देणारा आणि रुग्ण तपासून औषध देणारा यांच्यातील फरक नेमका येथे दिसतो, आणि फिजिशियन असिस्टंट नावाच्या व्यवसायाचे सारे प्रयोजनही याच फरकात आहे.

या व्यवसायाचा आधुनिक उगम अमेरिकेत झाला. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातील चार माजी वैद्यकीय सेवकांना घेऊन दोन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला, आणि १९६७ मध्ये त्यांपैकी तिघे पदवी घेऊन बाहेर पडले. युद्धभूमीवर जखमा शिवलेल्या, रक्तस्राव थांबवलेल्या पण नागरी जीवनात कोणतीही मान्यता नसलेल्या माणसांच्या कौशल्याला शास्त्राची जोड द्यावी आणि ग्रामीण भागातील डॉक्टरांचा भार हलका करावा, असा स्टेड यांचा विचार होता. आज त्या देशात दीड लाखांहून अधिक फिजिशियन असिस्टंट काम करतात. त्याआधीही रशियातील फेल्डशर आणि पूर्व आफ्रिकेतील क्लिनिकल ऑफिसर, तर त्याच सुमारास चीनमधील अनवाणी डॉक्टर अशा मधल्या फळ्या निरनिराळ्या गरजांतून उभ्या राहिल्या होत्या, म्हणून ही कल्पना केवळ श्रीमंत देशाची आहे असे म्हणता येत नाही.

भारतात तर ती एकेकाळी चांगलीच रुजलेली होती, ही गोष्ट आजच्या चर्चेत विसरली जाते. ब्रिटिश काळात पदवीधर डॉक्टरांखेरीज लायसेन्शिएट, म्हणजे कमी मुदतीचा अभ्यासक्रम पूर्ण करून परवाना मिळवलेल्या वैद्यांचा, मोठा वर्ग होता. पुण्यात १८७८ मध्ये सुरू झालेले बी. जे. मेडिकल स्कूल आणि मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी नागपुरात चाललेले रॉबर्टसन मेडिकल स्कूल यांसारख्या संस्थांनी ते घडवले. देशातील आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशातील सुमारे साडेसत्तेचाळीस हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळजवळ तीस हजार लायसेन्शिएट होते. समितीने एकाच प्रकारचा, एकाच दर्जाचा ‘मूलभूत डॉक्टर’ असावा अशी शिफारस केली आणि त्यानंतर लायसेन्शिएट घडवणाऱ्या शाळा बंद झाल्या किंवा त्यांची महाविद्यालये झाली. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा त्या शिफारशीमागचा प्रश्न नैतिकदृष्ट्या भक्कम होता. मात्र एक दर्जा ठरवल्यानंतर त्या दर्जाचा डॉक्टर खेड्यात राहील याची व्यवस्था झाली नाही, आणि परिणामी शहराला पहिल्या दर्जाचा डॉक्टर मिळाला तर खेड्याला कोणताच मिळाला नाही. पुढे १९७५ च्या, वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या श्रीवास्तव समितीने डॉक्टर आणि समाज यांच्यामध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या फळ्या उभ्या करण्याची शिफारस केली ती या अनुभवानंतरच. परंतु त्यातून उभे राहिलेले कर्मचारी प्रामुख्याने लसीकरण, कुटुंबनियोजन आणि साथनियंत्रण यांसाठी होते, रुग्ण तपासण्यासाठी नव्हते.

फिजिशियन असिस्टंट या नावाने भारतातला पहिला अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये हृदयशल्यचिकित्सक डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने सुरू झाला. येथे प्रेरणा खेड्याची नव्हती, शस्त्रक्रियागृहाची होती. बायपास शस्त्रक्रियेत पायातील शीर काढून देणे, शल्यचिकित्सकाला मदतनीस म्हणून उभे राहणे, शस्त्रक्रियेनंतर अतिदक्षता विभागात रुग्णावर लक्ष ठेवणे, सकाळच्या फेरीपूर्वी प्रत्येक रुग्णाची स्थिती नोंदवून ठेवणे आणि घरी जाताना त्याचा सविस्तर सारांश तयार करणे अशी कामे हे सहायक करू लागले, आणि दर सहा महिन्यांनी बदलणाऱ्या शिकाऊ डॉक्टरांपेक्षा वर्षानुवर्षे एकाच विभागात राहणारा सहायक अधिक भरवशाचा ठरतो, असा अनुभव दक्षिणेकडील मोठ्या रुग्णालयांना आला. आज हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी चार वर्षांचा आहे: तीन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, औषधवैद्यक आणि शल्यवैद्यक यांचे शिक्षण, आणि एक वर्ष रुग्णालयातील आंतरवासिता, म्हणजे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम. विज्ञान शाखेतून जीवशास्त्रासह बारावी उत्तीर्ण होणे ही त्याची सर्वसाधारण प्रवेशपात्रता आहे.

या व्यवसायाला कायद्याचे अधिष्ठान मात्र उशिरा मिळाले. संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियम, २०२१ या कायद्याच्या अनुसूचीतील दहा गटांपैकी नववा गट वैद्यकीय तंत्रज्ञ आणि फिजिशियन असोसिएट यांचा आहे. कायद्यानुसार आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणून मान्यता मिळण्यासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांचे पदवीशिक्षण आवश्यक आहे, राज्यनिहाय परिषदा आणि नोंदवही यांची तरतूद आहे, आणि आयोगाने त्यानंतर या व्यवसायाच्या अभ्यासक्रमाचा राष्ट्रीय आराखडाही तयार केला आहे. हा तपशील कोरडा वाटेल, पण त्याचे महत्त्व विद्यार्थ्याच्या दृष्टीने निर्णायक आहे. नोंदणी नसलेल्या व्यवसायात चूक झाली तर दोष कोणाचा हे ठरत नाही, आणि चूक न होताही माणूस कधी बोगस ठरेल याचा नेम नसतो.

महाराष्ट्रात हा व्यवसाय तमिळनाडू किंवा केरळइतका का रुजला नाही, याचे उत्तर येथील रुग्णालयांच्या व्यवहारात सापडते. मुंबई-पुण्यातील खासगी रुग्णालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळीला जो ‘आरएमओ’, म्हणजे निवासी वैद्यकीय अधिकारी, भेटतो तो पुष्कळदा बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीधर असतो. आयुर्वेद आणि होमिओपॅथी महाविद्यालयांची मोठी संख्या असलेल्या या राज्यात साडेपाच वर्षे एका शास्त्राचे शिक्षण घेतलेले हे पदवीधर प्रत्यक्षात दुसऱ्या शास्त्राच्या डॉक्टरचे सहायक म्हणून काम करतात, सलाईनचा वेग ठरवतात, तपासण्यांचे निष्कर्ष वरिष्ठांना फोनवर कळवतात आणि त्यांच्या सांगण्यावरून औषध बदलतात. काम फिजिशियन असिस्टंटचे आहे. त्यासाठीचे नेमके शिक्षण आणि त्याची नेमकी कायदेशीर चौकट मात्र त्यामागे नाही. या पदवीधरांची मेहनत आणि त्यांनी सांभाळलेल्या रात्री यांविषयी आदर ठेवूनच असे म्हटले पाहिजे की ही तडजोड ना त्यांच्या मूळ शास्त्राला न्याय देते, ना रुग्णाला. ज्याला आधुनिक वैद्यकात सहायकाचे काम करायचे आहे त्याला त्याच कामाचे शिक्षण सरळ मिळावे, हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत फिजिशियन असिस्टंट या नावाचे पद रूढ नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारे पद म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी, अर्थात सीएचओ. आयुष्मान भारत योजनेखाली २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, होऊ लागले आणि तेथे बीएएमएस किंवा बीएस्सी नर्सिंगसारखी पदवी असलेल्या उमेदवारांना सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन नेमण्यात आले. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासणे, आशाने भरून आणलेल्या अर्जावरून जोखमीच्या व्यक्ती शोधणे, तोंडाच्या व स्तनाच्या कर्करोगाची प्राथमिक चाचपणी, क्षयरोग्यांचा पाठपुरावा, गरोदर मातांची तपासणी, सिकलसेलची चाचणी आणि ई-संजीवनी या दूरवैद्यक सेवेवरून डॉक्टरांचा सल्ला घेऊन औषध देणे ही त्यांच्या कामाची रूपरेषा आहे. बंदी भागासारख्या ठिकाणी या यादीतील एकेक शब्दाला वजन येते. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आदिवासी आणि काही दलित समाजांत आढळतो. त्याच्या रुग्णाला सांधे व हाडे असह्य दुखू लागतात, आणि हे दुखणे ओळखणारे कोणी जवळ नसेल तर ते वातावर किंवा कामचुकारपणावर ढकलले जाते. असा रुग्ण नोंदवहीत असला, त्याला भरपूर पाणी, फॉलिक अॅसिड आणि डॉक्टरांनी ठरवून दिलेले हायड्रॉक्सीयुरिया नियमित मिळाले, आणि ताप आला की थांबू नये हे त्याच्या घरच्यांना त्यांच्या बोलीत, गोरमाटीत किंवा कोलामीत, सांगणारे कोणी असले, तर त्याचे शिक्षण आणि त्याची मजुरी दोन्ही वाचतात.

सीएचओ पदाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. महाराष्ट्रात या पदाला दरमहा पंचवीस हजार रुपये निश्चित मानधन आणि कामगिरीवर आधारित पंधरा हजारांपर्यंत मोबदला अशी रचना ठेवण्यात आली. नेमणूक राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली कंत्राटी आहे, आणि सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी अभियानाच्या कर्मचाऱ्यांना वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. मोबदला कामगिरीच्या निर्देशांकांवर अवलंबून असल्याने दिवसाचा बराच वेळ मोबाईल व टॅबवर माहिती भरण्यात जातो. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणातून सर्पदंशाच्या रुग्णाचे रक्त काचेच्या स्वच्छ नळीत वीस मिनिटे ठेवून ते गोठते की नाही हे पाहण्याची, किंवा पापण्या जड होऊ लागलेल्या रुग्णाला दंशाची खूण दिसत नसतानाही मण्यारीचा दंश गृहीत धरण्याची सवय लागणे कठीण आहे. हे कौशल्य वाचून येत नाही, रुग्णालयात वरिष्ठांच्या नजरेखाली शेकडो रुग्ण पाहून येते. म्हणूनच चार वर्षांचे, रुग्णालयावर आधारलेले शिक्षण घेतलेला सहायक आणि उपकेंद्रातील गरज यांची गाठ घालून देणे हा पुढचा टप्पा असायला हवा.

मर्यादित शिक्षणाच्या माणसाला नेमके कौशल्य दिले तर काय घडते, याचे पुरावे याच राज्यात आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील निरक्षर स्त्रियांना आरोग्यकार्यकर्त्या म्हणून उभे केले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांना नवजात बाळाचे वजन, तापमान आणि श्वास तपासायला, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि ठरलेल्या मात्रेत प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्रॅझोसिन या गोळीचा उपयोग सिद्ध केला, आणि जो उपचार अतिदक्षता विभागाचा वाटत होता तो प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवाक्यात आला. यांपैकी जामखेड आणि गडचिरोलीच्या उदाहरणांत एक गोष्ट समान आहे, आणि ती घाईच्या समर्थकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे: दोन्ही ठिकाणी कार्यकर्त्याच्या मागे एक डॉक्टर उभा होता, जो त्याच्या नोंदी वाचत होता, चुका दुरुस्त करत होता आणि जबाबदारी स्वतःकडे घेत होता.

विरोधकांचे आक्षेप यामुळेच गांभीर्याने घेण्याजोगे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, २०१९ च्या कलम ३२ मध्ये समुदाय आरोग्य प्रदात्यांना मध्यम स्तरावर मर्यादित परवाना देण्याची तरतूद झाली. त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावी आणि प्राथमिक व प्रतिबंधक सेवेपलीकडे त्यांनी देखरेखीखालीच औषध द्यावे, अशा अटी त्यात आहेत. तरीही इंडियन मेडिकल असोसिएशनने देशभर संप केला. आसामने २००४ मध्ये कायदा करून सुरू केलेला ग्रामीण आरोग्यसेवेचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम उच्च न्यायालयाने रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये तो निर्णय कायम केला, कारण वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचा अधिकार केंद्राच्या कायद्याचा आहे. ब्रिटनमध्ये, जेथे हा व्यवसाय बराच पसरला होता, तेथे २०२५ च्या शासननियुक्त समीक्षेने निदान न झालेल्या रुग्णांना या सहायकांनी सरसकट पाहू नये अशी शिफारस केली. या घटनांचा अर्थ व्यवसायच नको असा होत नाही. देखरेख सैल झाली, किंवा स्वस्त डॉक्टर म्हणून सहायकाला वापरले गेले, तर रुग्णाचा विश्वास आणि सहायकाची प्रतिष्ठा दोन्ही जातात, एवढा त्यांचा अर्थ निश्चित आहे. देखरेख म्हणजे एकाच खोलीत उपस्थिती नव्हे. कोणत्या आजारात काय करावे याच्या लेखी स्थायी सूचना, कोणत्या चिन्हांवर रुग्ण तत्काळ पुढे पाठवायचा याचे नियम, फोनवर हमखास मिळणारा एक निश्चित डॉक्टर आणि आठवड्यातून एकदा नोंदींची एकत्र तपासणी, एवढे असेल तर बिटरगाव आणि उमरखेड यांच्यातील अंतर देखरेखीच्या आड येत नाही.

आता प्रश्न उरतो तो हा व्यवसाय कोणी निवडावा याचा. ‘नीट’मध्ये गुण कमी पडले म्हणून उरलेला पर्याय या भावनेने येणारा विद्यार्थी येथे सुखी होण्याची शक्यता कमी आहे, कारण त्याला आयुष्यभर दुसऱ्याच्या सहीखाली काम करावे लागेल आणि ती सही त्याला रोज बोचत राहील. याउलट ज्याला रुग्णाशी बोलण्यात रस आहे, तपशील नोंदवण्याची शिस्त आहे, आपल्याला काय येत नाही हे वेळेवर सांगण्याचे धैर्य आहे आणि स्वतंत्र दवाखान्याच्या पाटीपेक्षा रोजच्या कामाचे समाधान मोलाचे वाटते, त्याला हा व्यवसाय मनापासून मानवेल. उमरखेड, महागाव, पुसद या पट्ट्यातील मुलामुलींकडे तर एक जास्तीचे भांडवल आहे. बंजारा किंवा आंध कुटुंबातून आलेली मुलगी परिसरातल्या वस्त्यांच्या बोली जाणते, फवारणीचा हंगाम कधी सुरू होतो आणि ऊसतोडीला कोण कुठे गेले आहे हे जाणते, आणि शहरातून बदलीवर आलेल्या डॉक्टरला जी माहिती मिळवायला दोन वर्षे लागतात ती तिच्याजवळ पहिल्या दिवसापासून असते. ती गावात टिकण्याची शक्यताही अधिक असते.

तरीही प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी काही गोष्टी स्वतः पडताळून घ्याव्यात, कारण नव्या व्यवसायाच्या नावाखाली शुल्क गोळा करणाऱ्या संस्था निघायला वेळ लागत नाही. पदवी विद्यापीठाची आहे की नुसत्या संस्थेचे प्रमाणपत्र आहे. अभ्यासक्रम २०२१ च्या कायद्याखालील आयोगाच्या आराखड्याशी जुळतो का. संस्थेला स्वतःचे, भरलेल्या खाटांचे रुग्णालय आहे का. आंतरवासितेचे वर्ष प्रत्यक्ष विभागांत जाते की कागदावर. आणि पूर्वी पदवी घेऊन गेलेले विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे प्रश्न विचारून उत्तरे लेखी मागावीत. पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा पुण्याच्या मोठ्या रुग्णालयात मिळेल आणि तालुक्यात परतण्याची वाट आज तरी खुली नाही, हेही विद्यार्थ्याला आधीच सांगितलेले बरे.

ती वाट खुली करण्याचे काम विद्यार्थ्याचे नाही, शासनाचे आहे. सार्वजनिक आरोग्य विभागाने फिजिशियन असिस्टंटचे नियमित पद निर्माण करावे, त्याची कार्यकक्षा आणि देखरेखीची साखळी शासन निर्णयात स्पष्ट लिहावी, यवतमाळ आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत या अभ्यासक्रमाच्या मोजक्या जागा सुरू करून त्यांतील काही बंदी भागासारख्या क्षेत्रांतील उमेदवारांसाठी राखाव्यात, आणि पहिल्या नेमणुका उमरखेड तालुक्यातील अभयारण्यालगतच्या उपकेंद्रांत, फवारणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी कराव्यात.